गादीच्या गल्लीतला हंगाम

तुळशीचं लग्न लागलं की कोल्हापूरची हवा बदलते. फुलेवाडीच्या नाक्यावर उसाच्या ट्रॉल्या कर्कश गाणी लावून धडधडायला लागतात, वाऱ्यावर गुऱ्हाळाचा गोड, जरासा करपट वास येतो, रंकाळ्यावर सकाळी पलीकडचा काठ दिसत नाही आणि मंगल कार्यालयांच्या दारात नवरानवरीच्या नावांच्या पाट्या लागतात. हे सगळ्यांना माहीत असतं. याच दिवसांत आणखी एक हंगाम सुरू होतो, त्याची मात्र कुणी दखल घेत नाही. तो गादीचा. घरात लग्न निघालं की पाहुणे येणार, पाहुणे आले की मुक्काम करणार, आणि आपल्या गाद्या तर वर्षभरात दबून पोळपाटासारख्या झाल्यात, हे घरोघरच्या बायकांच्या एकदम ध्यानात येतं. मग रिक्षाच्या टपावर वळकट्या बांधून त्या लक्ष्मीपुरीच्या पाठीमागच्या एका गल्लीत येतात. तिथं कापूस पिंजणाऱ्यांची दुकानं आहेत. फोमच्या गाद्या आल्यापासून चार-दोनच उरलीत, पण आहेत.

यंदा हंगाम सुरू झाला तेव्हा कामावर जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून त्या गल्लीतून गेले. मशीनं सुरू झाली होती. उन्हाच्या तिरिपेत कापसाचे तंतू तरंगत होते, विजेच्या तारांवर, उभ्या असलेल्या मोटारसायकलींच्या सीटवर आणि एका झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवर बसत होते. कुत्र्याला त्याचं काही नव्हतं. मी पिशवीतून कॅमेरा काढला. हंगामाचा पहिला फोटो इथलाच, हे आता ठरून गेलंय. आणि इथं उभी राहिले की मला तो हंगाम आठवतो, ज्यात मला रस्त्यावर फोटो काढायचा नाद लागला आणि ज्यात इथल्या शमाचं लग्न मोडता मोडता ठरलं.

मी एका दवाखान्यात एक्सरे काढते. आयुष्य त्यातच गेलंय. 'श्वास घ्या. रोखा. हलू नका,' हे मी दिवसभरात इतक्या वेळा म्हणते की एकदा घरात नवऱ्याला शिंक येऊ घातली होती, त्यानं तोंड उघडलं आणि मी सवयीनं त्यालाही तेच सांगितलं. तर इतकी वर्षं माणसांना थांबवून त्यांचे फोटो काढल्यावर, एकदा चालत्याबोलत्या माणसांचे काढून बघावेत असं मला वाटलं, त्यात नवल ते काय? शिवाय एक्सरेत बरगड्या दिसतात, फुप्फुसं दिसतात, गिळलेलं नाणंसुद्धा दिसतं, पण कोण हसतंय ते दिसत नाही. मी एक वापरलेला कॅमेरा घेतला आणि ड्यूटीच्या आधी-नंतर शहरात फिरायला लागले. नातेवाईक म्हणाले, या वयात हे काय काढलंय? मी म्हटलं, फोटो. मला माझी ही सडेतोड वृत्ती आवडते आणि ती लपवावी असं मला कधी वाटलेलं नाही.

शिकण्यासाठी मी मोबाइलवर बरेच व्हिडिओ बघितले. सगळे गुरू एकच सांगत होते. रस्त्यावर फोटो काढणाऱ्यानं कुणाला दिसायचं नाही. गर्दीत मिसळून जायचं, माणूस आपल्या तंद्रीत असताना त्याला टिपायचं. हे गुरू कोल्हापूरला कधी आलेले नसावेत. इथं अनोळखी माणूस दोन मिनिटं एका जागी उभा राहिला तरी समोरचा विचारतो, 'पावणं, कुणाच्यात आलाय?' त्यात पन्नाशीकडे झुकलेली बाई, पायात स्पोर्ट शूज, गळ्यात कॅमेरा. मी मिसळणार कशात?

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरची गोष्ट सांगते. तिथं संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात, गवळी आपल्यासमोर धार काढतो आणि फेसासकट ग्लास हातात देतो. एक पैलवान गडी ग्लास रिकामा करून वळला, तर मिशीवर पांढरा फेस. मला तोच फोटो हवा होता. मी कॅमेरा उचलला मात्र, गडी म्हणाला, "थांबा मॅडम, मिशी पुसतो." पुसली, छाती पुढं काढली आणि ताठ उभा राहिला. मागून गवळ्यानं म्हशीचं तोंड धरून माझ्याकडे वळवलं. "हिचं बी नीट येऊ द्या की." म्हैससुद्धा रवंथ थांबवून लेन्समध्ये बघायला लागली. दवाखान्यात ज्या गोष्टीसाठी मला घसा कोरडा करावा लागतो, ती इथं फुकट मिळत होती, आणि नेमकी तीच मला नको होती.

भाजीवाल्या मावशीनं विचारलं, "पेपरात येणार काय?" नाही म्हटलं. "मग कशाला काढालाय?" मी म्हटलं, तुम्ही बसलाय ते आवडलं म्हणून. तिनं माझ्याकडे जरा संशयानं बघितलं, मग स्वतःकडे बघितलं, पदर सारखा केला आणि कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत टाकत म्हणाली, "काढल्यासा तर आणून द्या." तेव्हापासून मी तो नियमच करून टाकला. ज्याचा फोटो काढला त्याला त्याची प्रत नेऊन द्यायची. कुठल्याच व्हिडिओत हे सांगितलेलं नव्हतं.

नियम चांगला होता, पण त्यामुळे माझ्या प्रत्येक फोटोवर जागच्या जागी टीका व्हायला लागली. शाहूपुरीतल्या एका हमालाचा पाठीवर पोती घेतलेला फोटो मला फार जमलाय असं वाटत होतं. चेहऱ्यावरचा ताण यावा म्हणून मी कमरेपर्यंतच काढला होता. त्यानं तो हातात घेतला, उलटा करून मागं बघितलं, पुन्हा सुलटा केला. "पाय कुठं ठेवलं माझं?" मी त्याला चेहऱ्याचं महत्त्व समजावून सांगायला लागले. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खरं हो, पण पाय न्हाईत तर एवढं वझं घेऊन मी हुबा कशावर हाय?" त्याचं म्हणणं मला पटलं नाही. मी अजूनही पाय कापते. चौकट माझी आहे, तिच्यात काय ठेवायचं ते मी ठरवणार. पण त्यानं तो फोटो घडी न करता टोपीत ठेवला, हेही मी बघितलं.

अशा त्या दिवसांत मी पहिल्यांदा गादीच्या गल्लीत गेले. खरं तर जायचं कारण फोटो नव्हतं. बाबालालचाचा आमच्या दवाखान्यात एक्सरेला आले होते. साठीच्या जवळपास, सडपातळ, पिढ्यान् पिढ्या पिंजारकाम करणारे. छातीचा एक्सरे काढताना मी म्हटलं, श्वास घ्या, रोखा. त्यांना रोखता येईना, खोकला यायचा. बऱ्याच प्रयत्नांनी फोटो निघाला. डॉक्टरांनी त्यांना कापसाच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलं. चाचा बाहेर येऊन मला म्हणाले, "लांब ऱ्हायचं म्हंजे कुठं ऱ्हायचं मॅडम? घर बी तिथंच, दुकान बी तिथंच." मग जाताना आपणच म्हणाले, "तशी शमा बघती आता सगळं. माझी लेक. तिला काय शिकवाय लागलं न्हाय." त्या 'शमा बघती'त इतका अभिमान होता की मला ती बघायचीच होती.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला पिंजायचं मशीन, दुसऱ्या टोकाला पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाचा गठ्ठा आणि तिथं, शक्य तितक्या लांब, चाचा दाभण घेऊन गादीला टाके घालत बसलेले. मधे सगळा धूसर पांढरा प्रकाश. मशीनपाशी एक मुलगी ओढणी नाकापर्यंत घट्ट बांधून जुना, गोळे झालेला कापूस आत सारत होती, आणि पलीकडून तो हलका होऊन उडत होता. मी दारात उभी राहून म्हटलं, फोटो काढू का? माझी अपेक्षा अशी की आता मशीन थांबणार, ओढणी सारखी होणार, ती सरळ उभी राहणार. तिनं मान वर न करता ओरडून सांगितलं, "काढा की. पर मी थांबणार न्हाय. सांजच्याला गाद्या द्यायच्यात." कोल्हापुरात त्या हंगामात माझ्या कॅमेऱ्यासमोर न थांबलेलं ते पहिलं माणूस. मी तिथंच तिच्या प्रेमात पडले, असं म्हटलं तरी चालेल.

मी पुष्कळ फोटो काढले. हवा तो मिळेना. आणि मग वीज गेली. मशीन घरघरत बंद पडलं, एकदम शांतता झाली. लांबून चाचा म्हणाले, "बघ, लाईटला बी तुझी दया आली. बस आता." शमानं ओढणी खाली ओढली आणि वडिलांकडे बघून हसली. मी बटण दाबलं. ओढणीखालचा चेहरा सावळा, स्वच्छ, तरुण. ओढणीच्या वरचं सगळं पांढरं. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, केस तर सगळेच. नाकावरून एक सरळ रेघ गेलेली आणि तिच्या खाली मनापासूनचं, सगळे दात दिसणारं हसू. फोटो थोडा हललाय. असू दे. मला आजवर जमलेला तो सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि हे मी कुणाच्याही समोर सांगेन.

नियमाप्रमाणे मी प्रत घेऊन गेले. शमानं तो दारातल्या उजेडात नेऊन नीट बघितला. तेवढ्यात आतून तिची आई, हमीदाभाभी, हात पुसत आली. तिनं फोटो बघितला आणि तिचा चेहराच उतरला. "या अल्ला. मॅडम, हा कुणाला दावू नगा. पोरीचं स्थळ बघालोय आम्ही. लोक म्हणतील, म्हातारी हाय."

तेव्हा मला कळलं की या घरात काय चाललंय. शमासाठी गेलं वर्षभर स्थळं येत होती. मुलगी देखणी, शिकलेली, बोलायला नीट. दोन ठिकाणी तर सगळं जुळत आलं होतं. पण दोन्ही वेळा शेवटच्या बैठकीत तेच निघालं. लग्नानंतर मशीनला हात लावायचा नाही, आमच्या घरच्या सुना असलं काम करत नाहीत. आणि दोन्ही वेळा शमानं स्वतः नाही म्हणून सांगितलं. हमीदाभाभीनं मग एक उपाय काढला होता. माहितीच्या कागदावर 'शिवणकाम, स्वयंपाक, घरकामाची आवड' एवढंच लिहायचं, बाकी बोलायचंच नाही. लग्न झाल्यावर बघू. स्टुडिओत काढलेला फोटोही तयार होता. त्यात शमा एका खुर्चीत बसलेली, मागं रंकाळ्याचा पडदा, आणि रंग इतका उजळलेला की मी तिला आधी ओळखलंच नाही.

शमा म्हणाली, "त्यात मी कुठं हाय? माझं काम कुठं हाय? आन आज झाकलं आन उद्या उघडं पडलं तर मला घरी पाठवतील न्हवं?" हमीदाभाभीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती काही दुष्ट बाई नव्हती. लेक घरात बसून राहील या भीतीनं तिची झोप गेली होती. ती मला म्हणाली, "तुमचा कॅमेरा एवढा चांगला हाय. तुम्हीच हिचा एक चांगला फोटो काढा की, बसवून."

मी बसवून फोटो काढत नाही. तरी तिच्यासाठी काढला. आमच्या गच्चीवर, संध्याकाळच्या उन्हात, शमाला मोरपंखी ड्रेस घालून खुर्चीत बसवलं. उजेड सुंदर होता, ड्रेस सुंदर होता. मी दहा वेळा सांगितलं, मोकळी हो, काहीतरी बोल. फोटो बघितला तर माझ्या रोजच्या पेशंटसारखी ती श्वास रोखून बसलेली. मी तो हमीदाभाभीला दिला. तिला फार आवडला.

पुढं काय झालं ते मला नंतर कळलं. हमीदाभाभीनं गच्चीवरचा फोटो मध्यस्थ बाईच्या मोबाइलवर पाठवला. आणि आई झोपल्यावर शमानं त्या कापसाच्या प्रतीचा आपल्या फोनवर फोटो काढला आणि तोही त्याच बाईला पाठवून दिला. खाली काहीच लिहिलं नाही. इथं ती चुकली म्हणायची, एक ओळ लिहायला हवी होती. त्या बाईनं दोन्ही फोटो जसेच्या तसे कागलला एका घरी पुढं सरकवले, आणि चार दिवसांनी तिचा निरोप आला. पाहुणे रविवारी बघायला येतायत. मुलगी पसंत पडण्यासारखी वाटते. आणि घरातल्या आजीला आवर्जून भेटायचंय.

कुठली आजी? बाबालालचाचांची आई जाऊन काळ लोटला होता. हमीदाभाभीची आई तिकडं निपाणीला, अंथरुणावर. मग शमा एकदम फुटल्यासारखी हसायला लागली आणि तिनं आपण काय केलंय ते सांगून टाकलं.

त्याच संध्याकाळी हमीदाभाभी दवाखान्यात येऊन माझ्यासमोर उभी राहिली. "तुमच्या फोटोनं घोळ झालाय. रविवारी तुम्ही याच." मला त्यात माझा काय दोष ते समजलं नाही, पण बोलावलं नसतं तरी मी गेलेच असते. जाताना तिनं आपला बेतही सांगितला. शेजारच्या कुलसूमदादीला पांढरी साडी नेसवून कोपऱ्यात बसवायची. ती बहिरी आहे, काही बोलणार नाही. पाहुण्यांनी आजी बघितली की झालं. मी म्हटलं, भाभी, हे बरोबर नाही. ती म्हणाली, "बरोबर आसंल-नसंल. पोरीचं घर व्हाया पायजे."

रविवारी मी पोचले तेव्हा दुकान झाडून लख्ख केलेलं होतं. मशीनवर फुलाफुलांची चादर टाकून ते टेबल असल्यासारखं सजवलं होतं, वर प्लास्टिकचा गुच्छ. कोपऱ्यात कुलसूमदादी खरंच बसलेली, हातात बिस्किटाचा पुडा, सगळ्यांकडे बघून गोड हसत होती. शमा आत. चाचा अस्वस्थपणे टोपी काढत होते, घालत होते.

कागलचे पाहुणे आले. मुलगा इरफान, तिथल्या एमआयडीसीत लेथवर काम करणारा, अबोल. त्याची आई मुमताजबी. ठसठशीत बाई, आवाज गावच्या बाजारात घुमेल असा. तो तसा होण्याचं कारणही होतं, नवरा गेल्यापासून आठवडी बाजारात बांगड्यांचं दुकान मांडून तिनंच घर चालवलं होतं. नमस्कार-चमत्कार झाले, शिरा आला. शमा आली, शिकवल्याप्रमाणे मान खाली घालून बसली. मुमताजबीनं तिच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "आन आजी कुठं हायत?"

हमीदाभाभीनं कोपऱ्याकडे हात केला. कुलसूमदादीनं आपल्याला उद्देशून काहीतरी आहे हे ओळखून तोंड भरून हसून दाखवलं. मुमताजबीनं पर्समधून मोबाइल काढला, फोटो उघडला, दादीकडे बघितलं, पुन्हा फोटोकडे. दादीनं पुड्यातलं आणखी एक बिस्कीट काढलं.

"ह्या न्हवं," ती म्हणाली. "फोटोतल्या आजीला सगळं दात हायत."

मी एक्सरेवाली बाई, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. इरफाननं खाली बघून रुमाल तोंडाला लावला. चाचांना खोकल्याची उबळ आली, ती खरी की काढलेली, सांगता येणार नाही. हमीदाभाभी उगाच शिऱ्याची ताटली पुढं सरकवायला लागली. आणि मला त्या क्षणी शमाची फार काळजी वाटली. एक शब्द इकडचा तिकडं झाला असता तर तिसरंही स्थळ गेलं असतं, आणि या वेळी तर खोटं बोलल्याचा डाग घेऊन.

शमानं मान वर केली. "मीच की ती."

ती उठली, मशीनवरची चादर गुच्छासकट ओढून बाजूला केली. "ह्याच्यावर काम करती मी. कापूस उडतोय, डोक्यावर बसतोय. अम्मीला वाटलं, तुम्हाला आवडणार न्हाय."

मुमताजबी मशीनकडे बघत राहिली. मग शमाकडे. "रोज करतीस?"

"रोज."

"आन लगीन झाल्यावर?"

"झाल्यावर बी करणार. जमत नसंल तर आत्ताच सांगा. चहा घ्या आन जावा, राग न्हाय."

हमीदाभाभीनं कपाळाला हात लावला. चाचांनी टोपी काढली ती पुन्हा घातलीच नाही. मुमताजबीनं समोरचा कप उचलला. "चहा तर घेणारच की. मैलभर चालवलंय रिक्षावाल्यानं, आधीच उतरवून." तिनं चहा प्यायला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. एवढा लांबलेला चहा मी जन्मात बघितलेला नाही. मग कप ठेवून ती हमीदाभाभीला म्हणाली, "मी का आलतो सांगू? पोरीचा फोटो चांगला हाय, पर तसलं फोटो माझ्याकडं लई आल्यात. आजीचा बघितला आन म्हटलं, ज्या घरातली म्हातारी बाई एवढं मोकळं हसती, त्या घरात पोरीबाळींस्नी कुणी दाबून ठेवलं नसणार. म्हणून आलो. आता आजी आन पोरगी एकच निघाली तर माझं काय वाईट झालं?" मग इरफानकडे वळली. "काय रं?" त्यानं मान हलवली. मला वाटतं त्यानं ती कागलला फोटो बघितला तेव्हाच हलवली असणार. मुमताजबी पिशवी उचलत म्हणाली, "कागल काय लांब न्हाय. येष्टी हाय की."

त्या हंगामात मी आणखी बरेच फोटो काढले. बिंदू चौकातले, पापाच्या तिकटीवरचे, मिसळीच्या कटानं नाकाला पाणी येऊन ते पुसणाऱ्या माणसांचे. काही खरंच चांगले आहेत. पण रस्त्यावरचा फोटो म्हणजे काय, ते मला त्या रविवारी त्या लांबट खोलीत कळलं. मी फोटो काढते आणि निघून जाते. तो पुढं कुठं जातो, कोण त्याच्याकडे बघून काय ठरवतो, हे माझ्या हातात नसतं. पूर्वी मला याची जरा धास्ती वाटायची. आता नाही वाटत. माणूस जसा आहे तसा त्यात आला असेल तर त्याचं तो बघून घेतो, एवढा भरवसा मला बसलाय. हमीदाभाभीला अजून गच्चीवरचाच फोटो आवडतो. तिचाही हट्ट मला मान्य आहे.

लग्न झाल्यापासून शमा रोज सकाळी कागलहून येते आणि संध्याकाळी जाते. लोक वेगवेगळं बोलले, अजूनही बोलतात. चाचा दुकानाच्या दुसऱ्या टोकाला टाके घालतात, त्यांचा खोकला थंडीत वाढतो. शमाला मी दवाखान्यातले चांगले मास्क नेऊन देते आणि ओढणीवर भागवू नको म्हणून दरवेळी रागावते. ती मास्क लावते, वर ओढणीही बांधते.

गेल्या आठवड्यात मी कागलला मावसबहिणीकडे गेले होते. दिवस मावळताना परतीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी राहिले, तर बाकावर मुमताजबी, शेजारी बांगड्यांची पेटी. मी बोलायला जाणार तेवढ्यात कोल्हापूरहून आलेली गाडी लागली आणि शमा उतरली. दमलेली, डोकं पांढरं. ती काही न बोलता सासूच्या पायाशी पायरीवर जाऊन बसली, आणि मुमताजबी तिच्या केसांतला कापूस वेचायला लागली. एकेक पुंजका काढायची, बोटांत मोकळा करायची आणि मांडीवरच्या छोट्या पिशवीत टाकायची. दिवसभर काय काय झालं ते दोघी एकमेकींना सांगत होत्या. मी पाच पावलांवर उभी राहून मन भरेपर्यंत फोटो काढले.

मग पुढं होऊन विचारलं, हा कापूस कशाला जमवता? झटकून टाकला तरी चालेल की.

मुमताजबीनं पिशवीचं तोंड माझ्यापुढं उघडून दाखवलं. "ही म्हणत हुती, तुम्हाला नवी उशी करून देतो. म्हटलं, नगं. दुकानातल्या कापसाची नगं मला, ह्याचीच भरतो." तिनं पिशवी हातावर तोलून बघितली. "अर्धी झालीया. हंगाम सरंपतोर भरंल बघा."